छप्पन केबी

माझ्या आईनं तिच्या माहेरी, वलगावच्या वेशीवर उभं राहून हाक मारली, की अमरावतीच्या राजकमल चौकातला वाहतूक पोलीस तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवायचा. मधे आठ-दहा किलोमीटर अंतर आहे, हे मला कोणी सांगू नये. मी ते सायकलवर तुडवलंय. तिच्या हाकेनं विहिरीतलं पाणी हलायचं, झाडावरची कच्ची चिंच गाभुळायची, आणि शेजारच्या वहिनींचं विरजण एकदा नुसत्या "विज्याऽऽऽ" वर लागलं होतं. वहिनी नाकारतात. वहिनी आता ऐंशीच्या आहेत आणि त्यांना काल काय जेवल्या तेही आठवत नाही, तेव्हा साक्ष माझीच धरा. आमच्या रुक्मिणीनगरात तेव्हा घरटी एक 'बेबी' असायची. आईनं ओट्यावरून "बेबेऽऽऽ" म्हटलं की तीन गल्ल्यांतल्या झाडून साऱ्या बेब्या हातातलं काम टाकून आमच्या फाटकाशी उभ्या. त्यातली आपली, म्हणजे मी, निवडून ती बाकीच्यांना परत पाठवायची, पण रिकाम्या हातानं नाही. कोणाला गुळाचा खडा, कोणाला शेंगदाण्याची मूठ. "आलीच आहेस तं खाऊन जाय वं माय."

आमच्या घराला दोन खोल्या, एक टिनाची पडवी आणि चार आवाज होते. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. ते उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचत, आणि पोरांच्या चुका ऐकून स्वतःच कळवळत. विजूदादा कॉम्प्युटरच्या कोर्सची इंग्रजी पुस्तकं पाठ करायचा, देवाचं नाव घेतल्यासारखी. मी सतत बोलायची. ते व्यसन अजून आहे. आणि या तिघांच्या वरताण आईचा आवाज, त्याला खोल्यांचा हिशेब नव्हता. स्वयंपाकघरात पाटवडीच्या रश्श्याला फोडणी बसली की ती तिथूनच गल्लीतल्या भाजीवाल्याशी भाव करायची, बाबांना पेपर तपासण्यातली दयामाया शिकवायची, आणि दादाला न्हाणीतून बाहेर काढायची. बाबा म्हणायचे, "तुमच्या आईला टपाल खात्याची गरज नाही." आई म्हणायची, "टपालवाला दुपारी येते. माह्यी हाक लगेच पोचते." आमच्या घरात वेग मोजायचं माप ते एवढंच होतं.

तो आवाज बसायला लागला, तेव्हा आम्ही हसलो. गल्लीत कोणी तरी म्हणालं, "काकूंचा भोंगा बिघडला." ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सकाळी थोडा वेळ आवाज यायचा, गंजलेल्या बिजागरीसारखा, आणि दुपारनंतर नुसती हवा. मग अकोल्याच्या मामांनी तिला तिकडच्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आली तेव्हा बाबा गप्प होते आणि आईच बोलत होती. चपला काढता काढता तिनं सांगून टाकलं, जसं काही शेवग्याचं झाड तोडायचं ठरलंय. "माह्यी आवाजाची पेटी काढून टाकतेत म्हनते. जीव राह्यते, आवाज जाते." आणि लगेच, "काहून उभे आहा सारे? पाट मांडा."

त्याच आठवड्यात वर्षाताईचा जर्मनीहून फोन आला. ताई आमची थोरली. लग्न होऊन जावयांबरोबर तिकडच्या एका विद्यापीठाच्या गावी गेली होती, आणि तिला दिवस गेले होते. मुलगी झाली होती, पण फार लवकर, फार लहान. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ताई फोनवर रडत नव्हती, त्यामुळे आम्हाला जास्त भीती वाटली. तिकडच्या परिचारिका म्हणत होत्या, म्हणे, घरच्या माणसांचा आवाज पेटीपाशी लावा, मूल ऐकतं. आईनं फोन हातात घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पेटीजवळ फोन नेता येते का?" नव्हता येत. मग जावई म्हणाले, गाणं कॉम्प्युटरवरून पाठवा, मी त्याची सीडीची तबकडी करून तिच्या उशाशी लावतो. आईनं फोन ठेवला. तिची स्वतःची पेटी काढायला निघालेली, नातीची पेटी तिकडे. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसली. मग म्हणाली, "तिले माहा आवाज ऐकल्याबिगर मी ऑपरेशन करत नाई. विज्या, पाठव बापा. कसं पाठवते तं पाठव."

आता माझा भाचा मला रोज त्याच्या मांजरीचा अख्खा सिनेमा पाठवतो. मी "हरी" म्हणेपर्यंत तो इथे असतो, आणि "विठ्ठल" म्हणेपर्यंत दुसरा येतो. त्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणतो, मावशी, तू वाढवून सांगतेस. वाढवून सांगते, हे खरं आहे. पण या प्रकरणात वाढवायला मला काही उरलंच नाही.

अमरावतीत इंटरनेट तेव्हा नवं होतं. आमच्या घराजवळ गजूभाऊंनी दुकान टाकलं होतं. गजूभाऊ मूळचे शेंदूरजनाघाटचे, घरचा संत्र्यांचा व्यापार. त्या व्यापारात मन रमेना म्हणून इकडे आले आणि जिथे आधी संत्र्यांच्या पेट्या रचत, तिथे चार कॉम्प्युटर रचून बसले. दुकानात संत्र्याचा वास कायम. मला अजून कुठे संत्रं सोललं की मोडेमचा आवाज ऐकू येतो; तो किर्र, टुंईं, खर्र आवाज, जसं कोणी गुळण्या करता करता भांडतंय. दुकानावर गजूभाऊंनी रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली होती, लाल रंगात, हत्तीएवढ्या अक्षरात: "सुसाट इंटरनेट. वेग ५६ केबी." साऱ्या गल्लीला ती पाटी पाठ होती. पोट्टे सायकल जोरात मारताना ओरडायचे, "बाजूला व्हा, छप्पन केबी!"

दादानं हिशेब केला तो आईच्या परातीत. ज्वारीचं पीठ पसरलेलं होतं, आई भाकरीला बसली होती, आणि दादा समोर उकिडवा बसून पिठात बोटानं आकडे काढत होता. "चांगल्या प्रतीचा आवाज घेतला तर मिनिटाला दहा एमबी जागा लागते. तुझा पाळणा चार मिनिटांचा धरू, म्हणजे चाळीस एमबी. त्याचे केबी झाले चाळीस हजार नऊशे साठ. त्याला छप्पननं भागायचं."

"भाग लवकर, पीठ लागते मले," आई म्हणाली.

"सातशे एकतीस सेकंद. बारा मिनिटं, आई. बारा मिनिटांत तू जर्मनीत."

"बारा मिंटात?" आईनं पिठाचा हात कपाळाला लावला. "अन् टांग्यानं वलगावले एक तास लागे. धन्य आहे बापा."

आणखी एक बारकी गोष्ट त्या परातीपाशी झाली. गजूभाऊंनी दादाला सांगितलं होतं, की हलक्या प्रतीचा आवाज घेतला तर ओझं अगदीच कमी होतं, पण मग तो डब्यातून बोलल्यासारखा येतो. दादानं ते उडवून लावलं. बारा मिनिटांचंच काम आहे, तर डब्यातला आवाज कशाला? पोरीनं आजीचा आवाज एकदाच ऐकायचा, तो आजीचाच वाटला पाहिजे. तो असं म्हणाला तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आमच्या घरात बाबांची मान हलणं म्हणजे पहिल्या वर्गात पास. दादानं हा हिशेब प्रेमानं केला होता, एवढं मी इथे लिहून ठेवते. पुढे त्यानं स्वतःला कोणकोणती नावं ठेवली, त्यात हे कधी आलं नाही.

अकोल्याला संध्याकाळी भरती व्हायचं होतं. तीनची एसटी. आमच्या भागात दोनला भारनियमन, म्हणजे वीज जायची. तेव्हा वऱ्हाडात वीज ही सासुरवाशिणीसारखी, येऊन-जाऊन असे. आवाज सकाळचाच यायचा, म्हणून आईनं पहाटेपासून कोणाशी शब्द बोलायचा नाही असं ठरलं. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढी शांत सकाळ मी पाहिली नव्हती. तिनं पाटवडीचा रस्सा केला, तिखटजाळ, जो तिला स्वतःला महिन्यांपासून गिळता येत नव्हता. आम्हाला वाढला आणि समोर बसून आमचे घास मोजल्यासारखी पाहत राहिली. दादाला तिनं खुणेनं तिसरी भाकरी वाढली. बाबा जेवता जेवता दोनदा उगीच बोलले, "मीठ बरोबर आहे." तिनं विचारलंच नव्हतं.

गजूभाऊंचं दुकान आम्ही पोचलो तेव्हा भरलेलं होतं. एक कॉम्प्युटर आमच्यासाठी कालपासून राखून ठेवलेला, पण त्याचा माइक घरून आणायचा राहिला होता. तो आणायला गजूभाऊ पळाले, यायला उशीर लागला, मग तो माइक चालेना, मग चालला. आईनं तोंड उघडलं तेव्हा बाराचा भोंगा होऊन बराच वेळ झालेला. माइक म्हणजे एक काळी काडी. आई तिच्याकडे पाहून म्हणाली, "इतकीशी? हे माहा आवाज झेलते का?" दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य. दुकानातली पोट्टी हसली.

मग ती गायली.

पाळणा तिचा स्वतःचा होता, रात्रभर जागून जुळवलेला. आमच्या कोणाच्या बारशाला तो म्हटलेला नव्हता. आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. बसलेला, चिरलेला आवाज, पण सूर जागेवर. "जो जो बाई, नीज माये, थंड्या गावची पाव्हनी. तुह्या पायी बांधते वं, वलगावची चांदनी." एकेक करून चारही कॉम्प्युटरपुढची माणसं वळून बसली. एक जण नोकरीचा अर्ज भरत होता, तो हात जोडून उभा राहिला, काय समजून कोण जाणे. बाबा दाराकडे तोंड करून रस्ता पाहत होते. पाळणा संपला तेव्हा आईच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या, आणि गजूभाऊ म्हणाले, "मावशी, जर्मनीले तं लाईट लावा लागत नाई आता."

दादानं फाईल पाठवायला लावली तेव्हा एक वाजला होता. दोनला वीज जाणार. बारा मिनिटांचं काम. आम्ही निवांत. गजूभाऊंनी टोपलीतली संत्री काढून सगळ्यांना दिली. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती, आणि तिच्याखाली लिहिलं होतं, उरलेला वेळ: तीन तास चौदा मिनिटं.

"हे काहून असं दाखवते?" मी विचारलं.

"सुरुवातीले दाखवते," गजूभाऊ म्हणाले. "गाडी पहिल्या गेअरमधी राहते. मंग धावते."

गाडी धावली नाही. दहा मिनिटं झाली, तीन तास पाच मिनिटं. पट्टीशेजारी वेग लिहिलेला: साडेतीन केबी. छप्पन नव्हे, साडेतीन. गजूभाऊंनी मोडेमवर थाप मारली, टेलिफोनची तार हलवून पाहिली. दादा हललाच नाही. तो पडद्याकडे बघत होता, मग एकदम उठून बाहेर गेला आणि रस्त्यावर उभा राहून पाटीकडे बघायला लागला. मी त्याच्या मागे गेले.

"हा कोनता ब आहे?" तो म्हणाला.

"कोनता म्हनजे? केबीतला ब."

"इंग्रजीत दोन ब असतेत, बेबे. लहान ब म्हनजे बिट, मोठा ब म्हनजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. मोडेमचा वेग लहान ब मधी सांगतेत, अन् फाईल मोठ्या ब मधी मोजतेत. परीक्षेत आलं होतं मले हे. मी बरोबर लिहिलं होतं." तो हसला, ते फार वाईट हसू होतं. "मराठीत लहान-मोठा ब नाईच नं. रंगाऱ्यानं केबी लिहिलं, मी केबी वाचलं. रोज वाचलं."

पाटी कोणाची खोटी नव्हती. रंगाऱ्यानं दिलं ते लिहिलं होतं. आपली बाराखडी मोठी उदार. तिच्यात ब हा ब असतो, त्याला लहानपण-मोठेपण नसतं. बाबांनी हे नंतर म्हटलं, पण कोणी हसलं नाही.

आत येऊन दादानं आईसमोर बसकण मारली. आईच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. त्यानं ते घेतलं आणि फोडी मोकळ्या केल्या. "आई, हे गाणं म्हनजे संत्री समज. मी मोजलं की मिनिटाला इतकी संत्री जातेत. पण ही तार संत्री नाई नेत, एकेक फोड नेते. आठ फोडी गेल्या तवा एक संत्रं जाते. आठपट वेळ लागते. त्यातही छप्पन हा येनाऱ्याचा वेग आहे, जानाऱ्याले तेहतीस."

अगदी हळू, कारण आता हळूच निघत होतं, आई म्हणाली, "आपल्या इकडे पाव्हना असाच. येते पटकन, निंगाले वेळ लावते."

"आई, मी थांबवतो. हलक्या आवाजात घेऊ. पुन्हा गा, फक्त एक कडवं. दोन मिनिटात जाते."

तिनं मान डोलावली. माइकची काडी तोंडाशी घेतली, तोंड उघडलं. "जो" आला नाही. ओठ जमले, गळ्याची शीर ताठली, आणि फुंकर आली. पुन्हा. पुन्हा फुंकर. दिवसभराचा जो काय साठा होता तो चार मिनिटांत खर्च झाला होता. केलेलं गाणं हलकं करून घ्यायची काही युक्ती असेल, पण ती तेव्हा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. दादाचा हात पट्टी थांबवायच्या बटणावर होता. आईनं त्याचं मनगट धरलं आणि घशातून खरवडून काढलं, "तोडू नको. जाते तेवढं जाऊ दे."

आणि मग आम्ही बसलो. मी माझ्या आयुष्यात परीक्षेचे, लग्नाचे, बाळंतपणाचे निकाल पाहत बसले आहे, पण त्या पट्टीइतकी सुस्त गोष्ट पाहिली नाही. मुंगी साखरेचा कण ओढत मेळघाट चढून धारणीला पोचली असती. गजूभाऊंनी बाकीचे तीन कॉम्प्युटर बंद केले, गिऱ्हाईकांना बाहेर काढलं, टेलिफोनचा रिसीव्हर चुकून कोणी उचलून लाइन तोडू नये म्हणून स्वतः त्याच्यावर हात ठेवून बसले. नोकरीचा अर्जवाला पोट्टा जाईना. तो दारात उभा राहून प्रत्येक येणाऱ्याला सांगत होता, "गाणं जाऊन राह्यलं. थांबा." बाबा आईला वारा घालत होते आणि पंखा तर चालू होता.

दोनला वीज गेली. कॉम्प्युटरची बॅटरी किंचाळायला लागली, दर दोन श्वासांनी एक किंचाळी, आणि तिच्यावर आणखी काही मिनिटं निघाली. आई टेबलाला धरून पुढे वाकली होती, जणू मागून ढकलत होती. मग पडदा काळा झाला. मोडेमचे लाल दिवे गेले. एवढ्या माणसांच्या दुकानात फक्त संत्र्याच्या साली पायाखाली चिरडल्याचा आवाज.

दादा म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून लागन. लाईट आल्यावर." आणि त्यालाच आठवलं, तीनची एसटी. बाबा म्हणाले, "चला." गजूभाऊ म्हणाले, "तुमी जा. मावशी, गानं या डब्यात आहे. लाईट आली की मी सोता लावतो, रात बसतो." आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

बडनेरा, मूर्तिजापूर, आणि मग अकोल्याची धूळ. दादा खिडकीपाशी कपाळ टेकवून. आई त्याच्या शेजारी, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर. मूर्तिजापूरला तिनं खुणेनं फुटाणे घ्यायला लावले आणि एकेक दादाच्या ओंजळीत टाकत राहिली. त्यानं एक खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेताना थोडा आवाज परत आला होता. आम्ही सगळे भोवती उभे, शेवटचं काही तरी बोलेल म्हणून. लोकांच्या आया अशा वेळी काय काय बोलतात. माझ्या आईनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बेबे, घरी दुधाचं पातेलं झाकलं होतं का वं?" मी हो म्हटलं. तिनं मान डोलावली आणि गेली आत. तिच्या आवाजातला या जगातला शेवटचा प्रश्न दुधाचा होता. मी झाकलं होतं की नव्हतं, ते मला आजही आठवत नाही.

ती शस्त्रक्रियेतून नीट बाहेर आली. पण त्याच दुपारी गजूभाऊ एसटीनं अकोल्याला आले, मामांच्या घरी, हातात रुमालात बांधलेली एक वस्तू घेऊन. अस्थी आणतात तशी धरली होती. वीज आली ती एकदम दुप्पट दाबानं आली, आणि कॉम्प्युटरमधली गाणं ठेवलेली तबकडी जळाली. गजूभाऊ दारातच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मामी त्यांना पाणी देत होत्या आणि विचारत होत्या, "हे कोन आहे पण?"

संध्याकाळी ताईचा फोन आला. थोडं गाणं पोचलं होतं. तुटलेली फाईल जावयांनी वाजवून पाहिली, तर एक मिनिट आणि वर थोडं वाजलं. ते त्यांनी पेटीपाशी लावलं. ताई म्हणाली, बाळानं मूठ उघडली. मला हे खरं वाटत नाही. आमच्या घराण्यात वाढवून सांगायची सवय एकटी माझीच नाही. पण आईला आम्ही हे सांगितलं, आणि नळ्यांच्या जंजाळातून तिनंही आपली मूठ उघडून दाखवली.

पाळणा तुटला तो शब्दाच्या मधे. "तुह्यासाठी आजी तुही ये..." आणि संपलं. पुढे काय होतं, ते आम्ही एकदाच ऐकलेलं, आणि त्यावर आमचं तिघांचं कधी एकमत झालं नाही. मला वाटतं "येईन" होतं. बाबा म्हणत "येते". दादाला विचारलं तर तो उठून जाई. खरं विचारायचं तर आईलाच विचारायचं, पण तिला आम्ही कोणी विचारलं नाही. आवाजाऐवजी कागदावर लिहून देईल, ही भीती होती.

त्यानंतर आमचं घर इतकं शांत झालं की घड्याळ दोन खोल्यांपलीकडे ऐकू येई. आईनं पळीनं परात वाजवायला सुरुवात केली. एक ठोका बाबांना, दोन मला, तीन दादाला. तीन ठोके वाजले की दादा दचकून उभा राही. वर्षाच्या आत तो अकोल्याला एका संस्थेत शिकवायला निघून गेला. तो अजून तिथेच आहे. दरवर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी तो फळ्यावर काही न बोलता इंग्रजीतले दोन ब काढतो, एक लहान, एक मोठा, आणि मुलांना विचारतो यांत फरक किती. मुलं म्हणतात, आठपट. तो म्हणतो, आणखी विचार करा. मुलं त्याला विक्षिप्त समजतात. त्याच्या एका विद्यार्थिनीनं हे मला हसत हसत सांगितलं, मीही हसले.

ताई त्या मुलीला, जुईला, घेऊन आली तेव्हा जुई तीन वर्षांची झाली होती. गोबरी, बडबडी, आणि जर्मनच्या मधे मधे अस्सल वऱ्हाडी, कारण मराठीतलं तिला जे पहिलं पाठ होतं ते पाळण्याचं हे एक मिनिट. "तुह्या", "पाव्हनी", असं काही तरी बोलायची आणि आम्ही हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचो. दादा अकोल्याहून आला. आला म्हणजे पडवीत बसला. जुई त्याच्याकडे धावत गेली की तो तिला हात न लावता खुर्ची मागे सरकवायचा, जसं काही ती अजून काचेच्या पेटीतच आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर आईनं जुईला मांडीवर घेतलं. आईच्या गळ्याच्या छिद्रावर रुमाल बांधलेला असे, त्याच्या आडून श्वास येई-जाई. जुईनं वर पाहून, झोपाळलेल्या आवाजात, स्वतःच सुरू केलं. "जो जो बाई, नीज माये." सगळं बरोबर, त्याच चिरक्या जागा, तोच दम लागल्याचा खंड, आईच्या घशाची पीडासुद्धा तिनं चाल समजून उचलली होती. "तुह्यासाठी आजी तुही ये." आणि थांबली. तिच्या लेखी गाणं असंच होतं. ताई म्हणाली, "तिला वाटतं तू बोलावलंस. विमानात सगळ्यांना सांगत होती, आजीनं ये म्हटलंय." जुईनं आजीची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली. "मग?"

पडवीत दादाची खुर्ची वाजली.

आईनं जुईच्या पाठीवर थाप मारली, एक, मग एक. आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, रुमालाआडून नुसती हवा, पण ओठ एकेक शब्द पुरता उच्चारत होते, त्या तुटल्या शब्दापासून पुढे. सगळी कडवी. बाबा चष्मा पुसून पुढे सरकले, मी ओठांवर डोळे लावले, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की मला एक शब्द वाचता आला नाही, कारण समोर सगळं पाणीच पाणी होतं. जुई मात्र टक लावून ऐकत होती. ऐकतच होती. मग तिच्या पापण्या जड झाल्या.

ती झोपल्यावर आईनं परातीला हात लावला नाही. दाराकडे पाहिलं. दादा उंबऱ्यात उभा होता, कधीपासून कोण जाणे. आईनं मान हलवून त्याला बोलावलं. तो आला, खाली बसला, आणि तिनं ते झोपलेलं मूल उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. तो हात वर धरून बसला, कुठे ठेवायचे ते न कळून. आईनं तेही धरून खाली आणले, एक मुलीच्या डोक्याखाली, एक पाठीवर. मग ती त्याच्या मागे सरकली आणि त्याच्या पाठीवर थापटायला लागली, त्याच तालात. ओठ अजून हलत होते. गाणं बरंच बाकी होतं.